तालुक्याच्या मीटिंगला आम्ही गेलो

दारूवर बोला म्हणालात, तर आम्ही दोघं तालुक्याला ए.ए.च्या मीटिंगला गेलो तेच सांगतो. पत्ता दवाखान्यातल्या कंपाउंडरनं दिला: शाळेमागची खोली, शनिवारी संध्याकाळी. दारातून दोनदा माघारी फिरलो. वाटलं, शिकलेले लोक भाषण ठोकणार. तर तिथं एसटीचा ड्रायव्हर, एक मास्तर, एक हमाल! फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. एकेक जण "मी दारुडा" म्हणतो नि आपलंच सांगतो. जन्माची सोडा म्हणत नाहीत. फक्त आजचा दिवस.

आमचा सोबती तिथं पहिल्यांदा बोलला. एकसाली प्लॉटच्या पंचनाम्यावर त्यानं बाटलीसाठी अंगठा दिला होता. कागदात काय होतं, त्याला आजही ठाऊक नाही. आम्ही तेव्हा त्याला फितूर म्हणालो होतो.

देवाला धार सोडायची ती वेगळी, तिच्यावर आमचं काही म्हणणं नाही. पण रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर हात कापतात, फिटही येते. त्याला आधी दवाखान्यात न्या.

शेवटची एसटी चुकली, रात्र स्टँडवर काढली. म्हणून आता दर गुरुवारी आपल्याच पाड्यावर, शाळेच्या ओट्यावर बसायचं. बायांनीही यावं. चहा-गूळ कोण आणतंय ते आत्ताच सांगा.