शाळा मुलांना आपली वाटावी



शाळेच्या संडासात पाणी नाही, दाराला कडी नाही. म्हणून लहान मुलगी दिवसभर पाणीच पीत नाही. मग तिचे डोके दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि आपण तिला आळशी ठरवतो!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे व पिण्याचे शुद्ध पाणी आवश्यक ठरवले, मारझोडीला मनाई केली. जिल्हा परिषद व नगरपालिका शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही त्यात आहे.

तेव्हा मातांनो, सभेला केवळ सहीपुरत्या येऊ नका. आधी दाराला कडी बसवून घ्या, मग मुलीची गुणपत्रिका पाहा.