खाजनाचा बांध कोणाचा?



या स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या प्राध्यापकाने वाङ्मय सोडून शेतीचा विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या भूमीवर गोमंतकाची संस्कृती पोसली गेली तिचा विचार टाळून केलेला भाषाभिमान मला अपुरा वाटतो.

गोव्यातील नद्यांच्या मुखांजवळची सुमारे १८,००० हेक्टर खाजने आपल्या पूर्वजांनी खाडीकडून मिळवलेली आहेत. ही शेते भरतीच्या पातळीहून खाली आहेत. बाहेरून चिखलमातीचा व दगडाचा बांध, आणि बांधात मानस. भरतीच्या दाबानेच मानशीची लाकडी दारे मिटतात. ओहोटीला आतले पाणी ती लोटून बाहेर पडते. पावसाळ्यात क्षार सोसणारे कोरगुट भात, पुढे पोंयीत मासळी. मानशीवरील मासळीच्या पावणीतून बांधाची डागडुजी होई.

१५२६ च्या फोरालात पोर्तुगिजांनी गावकारीचे रीतिरिवाज नोंदवले. अर्थात ही व्यवस्था त्यांच्या आगमनाहून जुनी आहे. तिचे मी अवास्तव गुणगान करणार नाही. गावकाराचा हक्क जन्माने ठरे, कसणाऱ्या कुळाला तो नसे. १९६४ चा कूळ कायदा व त्याची १९७६ ची दुरुस्ती यांनी कुळाला मालकी दिली, हे न्याय्यच झाले. मात्र जमीन ज्याची त्याची झाली तरी बांध सर्वांचाच राहिला. तो कुळांच्या संघटनांकडे आला. पण अनेक ठिकाणी भाताहून मासळीची पावणी अधिक लाभाची ठरली आणि मासळीसाठी खारे पाणी आत घेतले जाऊ लागले. असे पाणी एका धन्याचे शेत नासून थांबत नाही. सबंध खाजन पडीक होते, आणि पडीक जमिनीवर बांधकामाची नजर जाते.

२०११ च्या किनारी विनियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी विशेष तरतूद झाली. २०२३ च्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्यांकडे जाण्यावर निर्बंध आले. दोहोंचे स्वागत केले पाहिजे. परंतु कायदा विक्री अडवील; बांधाला खेकड्यांनी पाडलेली भोके तो बुजवणार नाही. ते काम गावानेच करावयाचे आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गावची मानस एकदा भरतीच्या वेळी आणि एकदा ओहोटीच्या वेळी पाहून या. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा, पावणीच्या पैशातला किती भाग बांधावर खर्च झाला? हा प्रश्न निर्भयपणे आणि नम्रपणे विचारणारी पिढी या शाळेतून बाहेर पडली, तर आजच्या स्मरणाचे सार्थक झाले असे मी मानीन.