अंगठ्याची शाबासकी

कुणी भाजी निवडत ऐकत असाल, कुणी शिलाई मशीनवर, कुणी शेतातून परतताना. आज आपण हातातल्या फोनविषयी बोलणार आहोत. "फोन वाईट, ठेवून द्या" असं मात्र आम्ही सांगणार नाही. ते सांगणारे प्रत्येक घरात आहेतच.

आपला प्रश्न साधा आहे. व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकलं की पाच-दहा मिनिटांत आपण ते परत उघडतो. किती जणांनी पाहिलं? नणंदेनं पाहिलं का? पाहून काहीच का लिहिलं नाही? फेसबुकवर फोटो टाकला की अंगठे मोजतो. असं का होतं?

पहिलं कारण अगदी माणसाचं आहे. चारचौघांनी आपल्याला आपलं म्हणावं, ही भूक पोटाच्या भुकेइतकीच खरी असते. लहान मूल पहिलं पाऊल टाकतं आणि लगेच आईकडे बघतं. टाळ्या वाजल्या की दुसरं पाऊल टाकतं. मोठे झालो तरी ही नजर आपल्यात राहते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरं कारण फोनच्या रचनेत आहे. ते समजायला नळाचं पाणी आठवा. पाणी रोज सकाळी सहालाच येत असेल, तर आपण सहाला हंडा लावतो आणि बाकी दिवस नळाकडे बघत नाही. पण पाणी कधीही येतं, कधी येतच नाही, अशा गल्लीत काय होतं? बाई दिवसभर नळाची तोटी फिरवून बघत राहते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी हेच कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग करून दाखवलं. कळ दाबल्यावर कधी दाणा मिळतो, कधी नाही, असं ठेवलं की प्राणी जास्त नेटानं कळ दाबत राहतात आणि ती सवय लवकर सुटत नाही. आपल्या फोनमधले अंगठे आणि बदाम असेच येतात. कधी चाळीस, कधी चार. म्हणून बोट पुन्हापुन्हा तिकडे जातं.

फेसबुकवर हा अंगठा 2009 साली आला. त्याआधी कौतुक करायचं तर दोन शब्द तरी लिहावे लागत. आता कौतुकाचा आकडा झाला, आणि आकडा आला की तुलना आली. हिला शंभर, मला बारा.

याचा सगळ्यात जास्त भार कोवळ्या वयावर पडतो. 2016 साली अमेरिकेत 13 ते 18 वर्षांच्या 32 मुलामुलींवर एक अभ्यास झाला. त्यांना फोटो दाखवले आणि त्या वेळी मेंदूत काय घडतं ते यंत्रानं पाहिलं. गंमत अशी, की फोटोंखालचे लाइकचे आकडे संशोधकांनीच लिहिले होते. तोच फोटो निम्म्या मुलांना भरपूर लाइकसह दाखवला, निम्म्यांना थोड्या. जिथे आकडा मोठा, तिथे मुलांनीही जास्त वेळा लाइक दिलं. सिगारेट ओढण्यासारख्या धोक्याच्या फोटोंबाबतही तसंच झालं. आणि स्वतःच्या फोटोला भरपूर लाइक दिसले, की बक्षीस मिळाल्यावर जागा होणारा मेंदूचा भाग जास्त जागा झाला. म्हणून मुलगी चार लाइक मिळालेला फोटो गुपचूप काढून टाकते, तेव्हा "काय वेडेपणा" म्हणून हसू नका. तिच्यासाठी तो भरवर्गातला निकाल असतो.

आता आपल्याकडे, बायकांकडे येऊ. भाकरी करपली की घर बोलतं. चांगली झाली की मुकाट्यानं जेवून उठतं. अंगण, गोठा, डबे, म्हाताऱ्यांची औषधं, या सगळ्याला शाबासकी कुठे असते? मग त्याच बाईनं रांगोळीचा फोटो टाकला आणि तीस जणींनी "सुंदर" म्हटलं, तर तिला भरून येणारच. तिला फोनवेडी म्हणण्याआधी घरानं स्वतःला विचारावं, की शेवटचं "छान केलंस" आपण कधी म्हणालो होतो?

म्हणून ही भूक दाबू नये, तिला नीट जेवण द्यावं, असं आम्हांला वाटतं. अंगठा देणारीला आपण कसं जगतो हे ठाऊक असेलच असं नाही. शेजारीण आपलं लोणचं चाखून "तिखट कमी घाल" म्हणते, तेव्हा तिनं खरोखर चव घेतलेली असते.

या आठवड्यात तीन गोष्टी करून बघा. पहिली, फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या सूचनांचा आवाज बंद करा आणि फोन बघायच्या दोन-तीन वेळा ठरवा. नळ आपण सहाचा करायचा. दुसरी, व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी उघडा आणि रीड रिसीट्स बंद करा. मग स्टेटस कुणी पाहिलं ते तुम्हांला दिसणार नाही आणि निळ्या खुणांचा हिशेबही बराच थांबेल. इन्स्टाग्रामवर 2021 पासून लाइकचे आकडे लपवता येतात. मुलीजवळ बसून तिच्याकडूनच ते शिकून घ्या, दोघींना बोलायला निमित्त होईल.

तिसरी गोष्ट फोनबाहेरची. घरातल्या एकीला रोज तोंडानं, नेमकं कौतुक सांगा. नुसतं "छान" नको. "आज आमटीला फोडणी झकास बसली," "सूनबाई, तू आजोबांशी शांतपणे बोललीस ते बरं वाटलं," असं. पुरुषमंडळी ऐकत असतील तर त्यांनाही हा अभ्यास आहे, आणि तो आजच्या रात्रीच्या जेवणापासून सुरू करायचा आहे.

काय अनुभव आला ते आम्हांला नक्की कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवू. नमस्कार.