एका जलद गोलंदाजाची कहाणी



जलद गोलंदाजाचें मैदानावरील आयुष्य बहुधा अल्पच असतें. खांदा दुखावतो, गुडघा साथ देत नाहीं, आणि ऐन उमेदींतला खेळाडू चार-दोन हंगामांत दिसेनासा होतो. परंतु आज मी ज्याच्याविषयीं बोलणार आहें, त्या ऑस्ट्रेलियांतील एडी गिल्बर्टच्या वाटेंत याहून निराळी अडचण उभी होती.

गिल्बर्ट हा क्वीन्सलंड प्रांतांतील आदिवासी. 1897 च्या एका कायद्यानें तेथील आदिवासींवर सरकारी 'संरक्षक' नेमले होते. गिल्बर्टचें वास्तव्य बराम्बा येथील सरकारी वसाहतींत. वसाहतीबाहेर पाऊल टाकावयाचें तर लेखी परवानगी हवी. मग तें क्रिकेट खेळण्यासाठीं कां असेना!

अंगानें तो सडपातळ. धांव अवघी चार-पांच पावलांची. पण लांब हात आणि लवचिक मनगट यांमुळें चेंडू विलक्षण वेगानें येई. नोव्हेंबर 1931 मध्यें ब्रिस्बेन येथें न्यू साउथ वेल्सविरुद्ध त्यानें पहिल्याच चेंडूवर एक गडी बाद केला. पुढें आला डॉन ब्रॅडमन. आदल्याच वर्षीं इंग्लंडमध्यें पांच कसोटी सामन्यांत 974 धावा काढणारा हा फलंदाज गिल्बर्टचे पांचच चेंडू खेळला. एका चेंडूनें त्याच्या हातांतील बॅट उडाली. अखेर यष्टिरक्षकाच्या हातीं झेल देऊन तो शून्यावर परतला. लारवुडकडूनहि इतका वेग आपण पाहिला नाहीं, असें पुढें ब्रॅडमननेंच लिहिलें. सामना मात्र न्यू साउथ वेल्सनेंच जिंकला. मॅककेबनें नाबाद 229 धावा केल्या.

पुढच्याच महिन्यांत मेलबर्न येथें पंच बार्लो यांनीं, गिल्बर्ट चेंडू टाकीत नसून फेकतो असें ठरवून, त्याचे चेंडू वारंवार 'नो बॉल' दिले. त्यानंतरहि तो 1936 पर्यंत प्रांताकडून खेळला. पण संशयाचा डाग पुसला गेला नाहीं. 23 प्रथम दर्जाचे सामने, 87 बळी, एकहि कसोटी नाहीं, एवढाच त्याचा हिशेब.

1936 मध्यें त्याला वसाहतींत परत धाडण्याचें ठरलें. त्याच्यासाठीं खरेदी केलेले खेळाचे कपडे धुऊन परत करावे, अशी सूचना क्वीन्सलंडच्या क्रिकेट संघटनेनें पत्रानें केली. धुलाईचा खर्च संघटना देणार होती! 1949 मध्यें तो मनोरुग्णालयांत दाखल झाला आणि 1978 मध्यें तेथेंच वारला.

ऑस्ट्रेलियाच्या पुरुषांच्या कसोटी संघांत आदिवासी वंशाचा म्हणून ओळखला गेलेला पहिला खेळाडू, जेसन गिलेस्पी, आला तो 1996 सालीं. ब्रिस्बेनमध्यें गिल्बर्टचा पुतळा उभा राहिला 2008 मध्यें.

आपल्या घरांतील मुलांना विक्रमांचे तक्ते मुखोद्गत असतात. त्यांत 87 हा आंकडा त्यांना लहान वाटेल. तो वाचतांना, या माणसाला मैदानावर येण्यासाठीं आधीं परवाना मागावा लागे, एवढें वडीलधाऱ्यांनीं त्यांना अवश्य सांगावें.