कोलंबीचा ताळेबंद
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेत कारकुनी करणारा, वाणिज्य शाखेचा पदवीधर. समुद्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण जमा, खर्च आणि शिल्लक एवढे मला कळते. तेव्हा आज आपल्या ताटातल्या कोलंबी, खेकडे, तिसऱ्या आणि कालवांचा हिशेब मांडावा म्हणतो. अंगावर टरफल किंवा शिंपला असलेली ही सारी मासळी. तिचा आपल्या घराण्यांशी संबंध जुना आहे. वेंगुर्ल्याहून मीठ आणि सुकी मासळी घाट चढून बेळगावला येत असे, तेव्हापासूनचा. आजही सिंधुदुर्गाची मासळी आंबोलीवरून आणि गोव्याची चोर्ला घाटातून आपल्या कॅम्पातल्या मासळी बाजारात येते. निपाणीकडच्या आठवडी बाजारात सुका जवळा आणि सोडे मापाने विकले जातात.

आधी देशाची मोठी खातेवही उघडू. १९५०-५१ साली भारतात सर्व प्रकारची मिळून ७.५२ लाख टन मासळी निघाली. २०२२-२३ साली तीच १७५.४५ लाख टनांवर गेली. म्हणजे तेवीस पटींहून जास्त. त्या काळात लोकसंख्या ३६ कोटींवरून सुमारे १४० कोटी झाली. भागाकार केला तर माणशी दोन किलोंवरून साडेबारा किलोंवर आपण आलो. ऐकायला छान वाटते. पण हे उत्पादन झाले, ताटात पडलेले अन्न नव्हे.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना १९६१ पासून प्रत्येक देशाचा अन्नाचा ताळेबंद ठेवते. त्यात कोलंबी-खेकड्यांचा रकाना वेगळा, शिंपल्यांचा वेगळा. रीत आपल्या ओळखीची आहे. उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात, साठ्यातला फरक धरायचा, खाण्याखेरीज इतर कामाला गेलेले वजा करायचे आणि उरलेल्याला लोकसंख्येने भागायचे. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या संघटनेने २०१० पासूनच्या आकड्यांसाठी हिशेबाची पद्धत बदलली, त्यामुळे जुनी मालिका आणि नवी मालिका सरळ जोडून चढ-उतार काढणे बरोबर नाही. आणि ही सरासरी आहे. तिच्यात मालवणचा कोळी आणि मासळीला न शिवणारा माणूस एकाच भावाने मोजले जातात.

आता 'वजा निर्यात' या ओळीकडे या. आपल्याकडे कोलंबीची खरी कथा तिथे आहे. स्वातंत्र्यानंतर केरळात नॉर्वेच्या मदतीने मच्छीमारीचा प्रकल्प उभा राहिला, कोचीनहून गोठवलेली कोलंबी परदेशी जाऊ लागली. १९७२ साली सागरी उत्पादनांच्या निर्यातीसाठी केंद्र सरकारने स्वतंत्र प्राधिकरण नेमले. पुढे तळी खोदून वाघ्या कोलंबीची शेती सुरू झाली. १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने ती झोपवली. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीवरच्या तळ्यांना लगाम घातला. २००५ साली कायदा होऊन नियमन आले, आणि २००९ साली मूळची अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची व्हेनामी जातीची कोलंबी वाढवायला परवानगी मिळाली. तिथून आलेख उभाच चढला. त्यात सर्वांत पुढे आंध्र प्रदेश.

२०२३-२४ साली भारतातून ७,१६,००४ टन गोठवलेली कोलंबी बाहेर गेली. किंमत ४०,०१३ कोटी रुपयांच्या वर. किलोला सुमारे ५५९ रुपये पडले. यातला बराच माल डोके किंवा टरफल काढून जातो, म्हणजे मूळ वजन याहून पुष्कळ जास्त. त्यातले पाचापैकी दोन वाटे एकट्या अमेरिकेने घेतले. हा माल देशात राहता तर माणशी अर्धा किलो भरला असता.

निर्यात वाईट असे मी म्हणत नाही. परकीय चलन येते, लाखो हातांना काम मिळते. पण एकाच मोठ्या गिऱ्हाईकावर भिस्त ठेवणाऱ्या कर्जदाराचे काय होते हे आम्ही बँकवाले रोज पाहतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा आंध्रातल्या तळेवाल्यांचे धाबे दणाणले.

दुसरी बाब मला जास्त टोचते. तळ्यातल्या कोलंबीला खाद्य लागते आणि त्या खाद्यात मासळीची भुकटी असते. आपल्याच राज्याच्या किनाऱ्यावर तारलीसारख्या स्वस्त मासळीपासून ही भुकटी करणारे कारखाने आहेत. जवळाही खाद्यासाठी जातो. म्हणजे गरिबाच्या भाकरीवरचे कालवण भुकटी होऊन तळ्यात पडते आणि कोलंबी होऊन समुद्रापार जाते. वहीत रक्कम वाढते, ताट मात्र हलके होते.

आणि जे कधी वहीतच चढत नाही त्याचे काय? ओहोटीला खाडीत उतरून बायका वेचतात त्या तिसऱ्या, खडकावरची फोडलेली कालवं, खानापूर-चंदगडच्या भातखाचरातले पावसाळी खेकडे. यांची पावती फाटत नाही. घरी खाल्ले, शेजारी दिले, उरले ते टोपलीतून विकले. नोंद नसलेली ठेव बुडाली तर तक्रार कुठे करणार? खाडीतली वाळू उपसली की तिसऱ्यांची जागाच जाते. पण उत्पादन घटले हे दाखवायला आकडाच नसतो.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, सिंधुदुर्ग, गोवा आणि कारवारच्या मत्स्यखात्यांनी हाताने वेचलेल्या शिंपल्यांची वेगळी नोंद ठेवावी असे निवेदन आपण पाठवावे. खाणारे आपण आहोत, तेव्हा विचारण्याचा हक्क आपला आहे. दुसरी, बेळगावच्या बाजारात बर्फ, शीतगृह आणि स्वच्छ पाणी यांसाठी महापालिकेकडे पाठपुरावा करावा, कारण टरफलाची मासळी सर्वांत लवकर नासते. तिसरी आपल्या घरची. अंडी भरलेली कुर्ली आणि नखाएवढ्या तिसऱ्या घेऊ नयेत. माल खाडीचा की तळ्यातला, हे विचारून घ्यावा.

सीमा नकाशावर कुठेही असो, आपल्या चुलीवरची मासळी घाटाखालूनच येते. तिथली खाडी आटली तर इथली कढई रिकामी. हा हिशेब आपण ठेवला नाही तर आपल्या वतीने दुसरे कोणी ठेवणार नाही.