मालसूर: वटवाघळात सापडलेला विषाणू

२०१० सालची गोष्ट. पश्चिम भारतातल्या वटवाघळांच्या पाहणीत, फळं खाणाऱ्या एका जातीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला एक अनोळखी विषाणू मिळाला. प्रयोगशाळेत तो माकडाच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या पेशींमध्ये वाढला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रूप दिसलं, पण रूपावरून फार तर घराणं कळतं.

नेमकी ओळख पटली ती जनुकक्रमातून. याचा जनुकसंच आरएनएच्या तीन तुकड्यांचा. त्यांतली अक्षरं ओळीनं वाचायची, माहीत असलेल्या विषाणूंशी ताडून पाहायची आणि साम्यावरून वंशावळ मांडायची. भाऊबंद निघाले ते काळजी वाढवणारे: चीनमधल्या एका गंभीर तापाचा विषाणू आणि अमेरिकेतला हार्टलँड. दोन्ही गोचिडांमार्फत माणसापर्यंत पोचतात. नव्या विषाणूचं नाव ठेवलं मालसूर.

म्हणून मालसूर माणसाला आजारी पाडतोच, असं मात्र नाही. जनुकक्रम कुळ सांगतो. स्वभाव वेगळा तपासावा लागतो.

पूर्वी वर्गीकरणासाठी विषाणू वाढवून दाखवावा लागे. २०१७ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी केवळ जनुकक्रमावरून वर्गीकरण करण्यालाही मान्यता दिली. कधीच न वाढवलेल्या विषाणूंनाही आता अधिकृत यादीत जागा मिळते.