एका पायाची शर्यत

सायकल हें गरिबाचें वाहन म्हणून आपल्या चांगलें परिचयाचें आहे. चिखलीच्या आसपासच्या खेड्यांतून शाळेला येणारीं मुलें, दूध घालणारा गवळी, शेताकडे निघालेला मजूर, या सर्वांवर त्या दोन चाकांचे उपकार आहेत. परंतु सायकलीला दोन धडधाकट पाय लागतात, असें आपण गृहीत धरून चालतों. ज्याचा एक पाय गेला त्याला आपण कुबडी देतों, कोपऱ्यांतील जागा देतों आणि वर भरपूर दया देतों. सायकल मात्र देत नाहीं. ही समजूत खोटी ठरविणारी एक तरुणी आपल्याच विदर्भाच्या दुसऱ्या टोंकाला निपजली आहे. तिच्या कारकीर्दीचा विचार आज करावयाचा आहे.

भंडारा जिल्ह्यांतील डोडमाझरी हें ज्योती गडेरिया यांचें गांव. २०१६ सालीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा एक पाय गेला. ऐन उमेदीच्या काळांत असा आघात झाला म्हणजे पुष्कळांच्या आयुष्याची दिशाच हरपते. ज्योती गडेरिया यांना मात्र पुढें हैदराबाद येथील आदित्य मेहता फाउंडेशन या संस्थेंत सायकलीचें शिक्षण मिळालें. आदित्य मेहता हे स्वतः अपघातांत पाय गमावलेले सायकलपटू आहेत. कर्तव्य बजावतांना जायबंदी झालेले जवानहि त्यांच्या संस्थेंत शिकले आहेत. गुरु स्वतः त्याच वाटेनें गेलेला असला म्हणजे 'हें आपल्यानें होईल काय?' हा प्रश्न शिष्याच्या मनांत फार काळ टिकत नाहीं.

एका पायानें सायकल हांकणें म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. दोन पायांचा मनुष्य एका पायानें पायडल खालीं दाबतो, तेव्हां दुसऱ्या पायाला क्षणभर विसांवा मिळतो. ज्याला एकच पाय आहे त्यानें त्याच पायानें पायडल दाबावयाचें आणि त्याच पायानें तें वर ओढावयाचें. त्यासाठीं बूट पायडलाला अडकवून ठेवावा लागतो. कांहीं खेळाडू कृत्रिम पाय लावतात. पण त्या पायाला जिवंत घोटा नसतो, पोटरीचें बळ नसतें, आणि जेथें तो शरीराशीं जोडलेला असतो तेथील कातडी घर्षणानें सोलून निघते. सर्वांत बिकट क्षण आरंभाचा. उभ्या सायकलीला पहिली गति देतांना सारें बळ एकाच बाजूस पडतें, आणि तोल मात्र दोन्ही बाजूंचा सांभाळावा लागतो.

मग अशा निरनिराळ्या व्यंगांच्या माणसांची एकमेकांशीं शर्यत लावावी कशी? आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनें याची व्यवस्था केली आहे. साध्या सायकलीवर बसूं शकणाऱ्यांचे सी-१ पासून सी-५ पर्यंत पांच वर्ग आहेत. अंक जितका लहान, तितकें व्यंग अधिक. ज्यांचा तोल राहत नाहीं त्यांच्यासाठीं तीन चाकी, ज्यांचे पाय चालत नाहींत त्यांच्यासाठीं हातानें फिरविण्याची, आणि अंधांसाठीं पुढें डोळस चालक असलेली जोडसायकल असते. एकाच शर्यतींत अनेक वर्ग एकत्र धांवतात, तेव्हां कांहीं शर्यतींत अधिक व्यंग असलेल्याचा वेळ एका ठराविक प्रमाणानें कमी धरून मग निकाल लावतात. ही दया नव्हे; हा हिशेब आहे. दया मनुष्याला स्पर्धेबाहेर बसविते, हिशेब त्याला स्पर्धेंत उभें करतो.

पॅरालिंपिक सामन्यांत सायकलीच्या शर्यती १९८४ सालीं सुरू झाल्या. भारताचा सायकलपटू तेथें पोहोंचावयास २०२४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं पॅरिस येथें भारताचे ८४ खेळाडू गेले, त्यांत सायकलपटू दोनच होते: आंध्रचे अर्शद शेख आणि भंडाऱ्याच्या ज्योती गडेरिया. पॅरिसजवळच्या धांवपट्टीची एक फेरी २५० मीटरांची. ५०० मीटरांची शर्यत म्हणजे दोन फेऱ्या, आणि ३,००० मीटरांची म्हणजे बारा. या दोन्ही शर्यतींत ज्योती गडेरिया उतरल्या. रस्त्यावरील शर्यतींतहि उतरल्या. पदक मिळालें नाहीं.

त्या सामन्यांत भारतानें ७ सुवर्णपदकांसह एकूण २९ पदकें जिंकलीं, आणि देशानें त्यांचा योग्य तो गौरव केला. पण पदकाविना परतलेल्या खेळाडूच्या कारकीर्दीचें मोल कशानें करावें? पहिला नांगर घालणाऱ्याच्या वाट्याला दगडच अधिक येतात; म्हणून कांहीं त्याची नांगरट वांया जात नाहीं. चाळीस वर्षें ज्या शर्यतींत भारताचें नांवच पुकारलें गेलें नव्हतें, तेथें तें पुकारलें गेलें. पुढें जो कोणी पदक आणील, त्याला ही वाट नवी राहणार नाहीं.

मान उशिरां मिळणें ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून अपंग झाले, आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें ५० मीटर पोहण्याच्या शर्यतींत त्यांनीं पॅरालिंपिकमधील भारताचें पहिलें सुवर्णपदक मिळविलें. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ सालीं. मध्यें सेहेचाळीस वर्षें गेलीं. सुवर्णाची जेथें ही कथा, तेथें पदक नसलेल्यांची आठवण कोण ठेवणार?

ती आठवण ठेवण्याचें ठिकाण सभामंडप नसून शाळेचें मैदान आहे. कवाइतीची घंटा झाली कीं लंगड्या मुलाला झाडाखालीं बसवून इतरांचीं दप्तरें सांभाळावयास सांगतात. सांगणाऱ्याच्या मनांत वाईट हेतु नसतो. उलट माया असते. परंतु त्या मायेनेंच तें मूल 'आपण राखणीचे, खेळण्याचे नव्हे' हा धडा शिकतें, आणि तो धडा जन्मभर विसरत नाहीं. डोडमाझरीहून जी वाट पॅरिसला गेली, ती चिखलीहूनहि जाऊं शकेल. त्यासाठीं उद्यांच्या तासाला दप्तरें भिंतीशीं ठेवावींत, आणि त्या मुलाच्या हातीं सायकल द्यावी. तें पडेल. सायकल शिकतांना पडलें नाहीं असें मूल कोणत्या गांवीं आहे?